घाण पक्ष्याची की पाळणाऱ्याची?

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत मोर रात्री झाडांवर बसतात आणि दिवसा माणसांच्या अंगणातून, बाजरीच्या रानातून हिंडतात. गावात मोरांची विष्ठा पडत नाही असं नाही, पण मोरांमुळे गावाला वास मारतो असं कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही. आता मोराच्याच कुळातला, पण मोराच्या पिसाऱ्यात सहज दडेल एवढासा जपानी लाव्हा घ्या. बाजारात त्याला बटेर म्हणतात. पुरता वाढलेला पक्षी दीडशे ते दोनशे ग्रॅम भरतो. असे वीस पक्षी घोडनदीच्या किंवा दौंडच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवले आणि तीन-चार दिवस ट्रे काढला नाही, तर दारात आलेली शेजारीण नाकाला पदर लावते. घरातले मग सांगतात, काय करणार, हा पक्षी फार घाण करतो. हे वाक्य सवयीने बोललं जातं आणि ते चुकीचं आहे. एकाच कुळातले दोन पक्षी. एकाची विष्ठा गावाला जाणवत नाही, दुसऱ्याची खोलीला सोसवत नाही. फरक पक्ष्यांत नाही. फरक दाराच्या कडीत आहे, आणि कडी माणसाने लावलेली आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. तिच्यात अहिंसा आणि शौच, म्हणजे शुचिता, हे दोन्ही गुण एका श्लोकाच्या अंतराने आले आहेत. घरात कोंडलेल्या पक्ष्याजवळ हे दोन गुण एकच होतात, त्याची घाण काढणं हीच तिथे अहिंसा ठरते, असं माझं म्हणणं आहे.

हा पक्षी घरात आला कसा, ते थोडक्यात पाहू. जपानी लाव्हा भारतात १९७४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे वाण वाढवले. अंडं सतरा-अठरा दिवसांत फुटतं, पिल्लू सात-आठ ग्रॅमचं असतं आणि सहा-सात आठवड्यांत मादी स्वतः अंडी घालू लागते. कोंबडीला परसू लागतं, बटेराला खाटेखालची जागाही पुरते. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात कोंबड्यांच्या शेडची सवय जुनी आहे, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे एका खोलीत संसार मांडणारी माणसंही पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी चार अंड्यांसाठी किंवा चार पैशांसाठी बटेर पाळावेसे वाटणं स्वाभाविक आहे. त्यात काही पाप आहे असं मी मानत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

वास कुठून येतो हे नीट पाहिल्याशिवाय धर्माची चर्चा पोकळ राहील. ट्रेवर वाकून पाहिलं तर तीन प्रकारची घाण दिसते. बहुतेक गोळ्या तपकिरी असतात आणि त्यांच्यावर पांढरी टोपी असते. ही टोपी म्हणजे युरिक आम्ल. पक्षी शरीरातला नको असलेला नायट्रोजन पाण्यात न विरघळवता असा घट्ट करून टाकतात. अधूनमधून काळपट, चिकट, चटणीसारखी विष्ठा दिसते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि तिला ताजेपणीच उग्र वास असतो. तिसरा प्रकार म्हणजे नराच्या विष्ठेसोबत पडणारा पांढरा फेस. तो आजार नव्हे, नर वयात आल्याची खूण आहे. यातली पांढरी टोपी कोरडी राहिली तर फारसा वास देत नाही. पाण्याच्या वाटीतून चार थेंब सांडले, खोली उबदार असली, हवा कोंदलेली असली, की जिवाणू त्या युरिक आम्लाचा अमोनिया करतात. डोळ्यांना झोंबतो तो हाच. पक्षी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खाद्य खातो आणि जवळपास तितक्याच वजनाची ओली विष्ठा टाकतो. म्हणजे वीस पक्ष्यांची दिवसाला अर्धा किलो झाली. ती कोरड्या तुसावर, लाकडाच्या भुशावर किंवा शेंगांच्या टरफलांवर पडली आणि रोज उचलली गेली, तर खोलीत खोलीचाच वास राहतो. तीच ओल्या रद्दीवर आठवडाभर साचली, तर घर राहण्याजोगं उरत नाही. म्हणजे विष्ठा पक्षी देतो, पण दुर्गंध तयार होतो तो पाणी, ऊब, कोंदट हवा आणि साचलेले दिवस यांतून. या चारांपैकी एकही गोष्ट पक्ष्याच्या ताब्यात नाही.

मोकळ्या रानातला लाव्हा पाहिला की हे अधिक स्पष्ट होतं. दौंडच्या दक्षिणेला सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकारांसाठी राखलेलं हे छोटंसं माळरान. अशा माळांवर जंगली लाव्हे गवतात चरतात, एका जागी विष्ठा टाकतात आणि पुढे सरकतात. ऊन ती वाळवतं, किडे-मुंग्या उरलेलं निपटतात, पाऊस खत करतो. शिवाय हा पक्षी स्वभावाने स्वच्छ आहे. जमिनीत खळगा करून, पंख पसरून तो धुळीने अंग घासतो. जास्तीचं तेल आणि पिसांतले किडे त्याने निघून जातात. तारेच्या जाळीवर ठेवलेल्या कोंबड्या धूळ नसतानाही या स्नानाच्या हालचाली करत राहतात, हे अभ्यासकांनी वारंवार नोंदवलं आहे. स्वतःची शुद्धी करण्याची पक्ष्याची ओढ एवढी खोल असते. तेव्हा ज्याला आपण घाणेरडा म्हणतो त्याच्याजवळ शौचाची दोन साधनं जन्मजात होती, धुळीत लोळणं आणि घाण मागे टाकून पुढे जाणं. पिंजऱ्याने दोन्ही काढून घेतली. ज्याने काढून घेतली त्याने ती भरून देणं हे साधं ऋण आहे. रोज ट्रे रिकामा करणं आणि आठवड्यातून काही वेळा तासाभरासाठी धुळीचं पसरट भांडं आत ठेवणं हे लाड नव्हेत. (भांडं दिवसभर ठेवू नये. पक्षी त्यातच विष्ठा टाकतात आणि धूळ घरभर उडते.) परोपकार म्हणून हे करणाऱ्याला थोडा अहंकार चढतो, ऋण म्हणून करणाऱ्याला चढत नाही. म्हणून मला दुसरा शब्द जवळचा वाटतो.

वास येऊ लागला की बहुतेक घरांत पहिला हात उदबत्तीकडे जातो, मग कापराकडे, मग फिनेलच्या बाटलीकडे. इथे ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आठवल्याशिवाय राहत नाही. शुचित्वाचं वर्णन करताना ज्ञानदेवांनी कापराचाच दाखला घेतला आहे: ज्याचं अंग आणि मन दोन्ही कापरासारखं, आत एक आणि बाहेर एक असा भेद नसलेलं, तो शुचि. त्याच कापराने ट्रेमधली घाण झाकणं ही त्या दाखल्याची उलटी बाजू झाली. आत सडतं आहे आणि बाहेर सुगंध आहे. यात फसवणूक पाहुण्याची कमी आणि पक्ष्याची जास्त. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात आणि धूर किंवा विषारी वाफ त्याला माणसापेक्षा फार लवकर बाधते. धूर करून आपण अमोनियात धुराची भर घालतो, अमोनिया घटत नाही. ओल्या घाणीवर चुना टाकण्याची पद्धतही अशीच तपासून घ्यावी लागते. चुन्याने ओल शोषली जाते, पण घाण अल्कधर्मी झाली की आत अडकलेला अमोनिया अधिकच सुटतो. आधी घाण काढावी, मग रिकाम्या कोरड्या ट्रेला चुना लावावा. आणखी एक अडचण अशी की राहणाऱ्याचं नाक फार दिवस साक्ष देत नाही. माणसाला अमोनिया साधारण दशलक्षात ५ ते २० भाग झाल्यावर जाणवू लागतो. कुक्कुटपालनात २५ च्या वर तो जाऊ देऊ नये असा दंडक आहे. म्हणजे नाकाला लागला तेव्हा धोक्याची रेघ फार लांब नसते, आणि रोजच्या सवयीने नाक पुढे गप्पच होतं. आपण उभे राहून वास घेतो. पक्षी मात्र जिथून वायू निघतो तिथेच चोवीस तास श्वास घेतो. त्याचे डोळे चिकटू लागतात, श्वासनलिकेतले सूक्ष्म रोम निकामी होतात, आणि तरीही घरातले म्हणतात, आता एवढा वास येत नाही. स्वतःच्या दोषांबाबत माणसाचं असंच होतं, हे सगळ्या धर्मांनी सांगितलं आहे. इथे ते अमोनियाच्या मापाने मोजता येतं एवढंच.

मग वास येऊ न देण्याचा उपाय काय? तुस, भुसा, पाणी न सांडणारी निप्पलची भांडी, उघडी खिडकी, हे सगळं खरं आहे. पण या सगळ्यांच्या आधी एक उपाय आहे आणि तो धर्मग्रंथांनी फार पूर्वी ओळखला होता. जैन परंपरेत दशलक्षण धर्मातलं शौच म्हणजे अंग धुणं नव्हे. तिथे शौच म्हणजे लोभाचा अभाव. प्रथम ऐकताना हा अर्थ ताणलेला वाटतो. पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की तो तंतोतंत पटतो. दोन हातांना रोज जेवढे ट्रे काढता येतात त्यापेक्षा जास्त पक्षी ठेवले की दुर्गंध अटळ आहे. वास हा लोभाचा पुरावा आहे, पक्ष्याच्या स्वभावाचा नव्हे. बायबलमध्येही हेच वेगळ्या प्रसंगातून येतं, आणि त्या बायबलचा दौंड तालुक्याशी जवळचा संबंध आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी संपवत आणलं होतं. त्या ग्रंथातल्या निर्गमाच्या पुस्तकात अरण्यातल्या भुकेल्या लोकांना संध्याकाळी लाव्हे आणि सकाळी मान्ना नावाचं अन्न मिळतं. रोजचा रोज घ्या, साठवू नका, अशी आज्ञा असते. काहींनी मान्ना उद्यासाठी ठेवला, त्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. पुढे गणनेच्या पुस्तकात तेच लोक मांसासाठी हट्ट धरतात. मग लाव्ह्यांचे ढीग पडतात, लोक दिवसरात्र ते गोळा करतात, आणि शेवट रोगराईत होतो. नाकातून बाहेर येईपर्यंत खाल, अशी ताकीद त्यांना आधीच मिळालेली असते. कुराणातही मान्ना आणि सल्वा यांचा उल्लेख आहे. सल्वा म्हणजे लाव्हा असाच अर्थ बहुतेक भाष्यकार घेतात. या दोन्ही ग्रंथांना या एवढ्याशा पक्ष्यावरून तृप्ती आणि हाव यांतली सीमा दाखवावीशी वाटली, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेप. अहिंसेची एवढी चाड असेल तर पक्षी कोंडायचाच कशाला? पिंजरा स्वच्छ ठेवून पिंजऱ्याचं समर्थन करणं ही मनाची फसवणूक नाही का? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ऋग्वेदात लाव्हा ज्या प्रसंगी येतो तो सुटकेचा आहे: अश्विनीकुमारांनी वर्तिकेला लांडग्याच्या जबड्यातून सोडवलं, असा उल्लेख तिथे एकापेक्षा अधिक वेळा येतो. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत, त्यांत पहिलाच बंध आहे, म्हणजे जीवाला बांधून-कोंडून ठेवणं. नंतर मारणं, अवयव छाटणं, जास्त भार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. कोंडणं हा दोष आहे हे तिथे स्वच्छ मान्य केलेलं आहे. पण तेच शास्त्र गृहस्थाला सोडून देत नाही. श्रावकाचारावरच्या, म्हणजे गृहस्थाच्या आचारावरच्या, टीकाकारांनी असंही सांगितलं आहे की जनावर बांधावंच लागलं तर दोर सैल असावा, आग लागली तर सुटता यावं. दोष मान्य करायचा आणि तो जितका कमी करता येईल तितका करायचा, हीच गृहस्थाची नीती. जपानी लाव्ह्याच्या बाबतीत सुटकेचा मार्गही सरळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढल्याने या पक्ष्यांतल्या बहुतेक माद्या स्वतःची अंडीही उबवत नाहीत. घोडनदीच्या काठी सोडून दिलेला बटेर दोन दिवसांत कुत्र्या-मुंगसाच्या तोंडी जाईल. सुटकेच्या नावाखाली ते दुसरं पाप होईल. उलट रानातला देशी लाव्हा आणून कोंडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि धर्माच्या दृष्टीनेही त्याला सबब नाही. जो पक्षी आज पिंजऱ्यात आहे त्याचं ऋण फेडावं, आणि उद्याचा पक्षी जन्माला घालण्याआधी विचार करावा, एवढी वाट उरते. ती अपुरी आहे. मोकळ्या माळाची बरोबरी कोणताही पिंजरा करत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच इतिहासातून येतो, आणि तो मला अधिक बोचतो. शुद्धीच्या नावाने या देशात काय झालं हे ठाऊक असताना शौचाला धर्म म्हणायचं कसं? १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर शिरूर तालुक्याच्या सीमेवरच्या भीमाकाठच्या विजयस्तंभाला आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ते आणि त्यांचे सोबती प्यायले. ज्या तळ्यावर गुरंढोरं बिनधास्त पाणी पीत, ते माणसांच्या स्पर्शाने बाटलं म्हणून नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून शुद्ध करण्यात आलं. शिरूर-दौंडच्या माळांवर फासे लावून तितर-लाव्हे धरणाऱ्या फासेपारध्यांवर इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. त्यांनी धरलेला लाव्हा विकत घेऊन खाणारा मात्र प्रतिष्ठितच राहिला. या सगळ्यांत एक सूत्र आहे: घाण करायची आपण, ती काढायला लावायची दुसऱ्याला, आणि मग त्यालाच अशुद्ध म्हणायचं. पक्ष्याला घाणेरडा म्हणणारं वाक्य याच सूत्रातून निघतं. म्हणूनच शौच टाकून देण्यापेक्षा ते उलटं फिरवणं मला गरजेचं वाटतं. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ते करून दाखवलं. गावात आले की आधी हातात खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात देवापुढे बळी देणाऱ्यांना खडसावणं. दुसऱ्याची घाण स्वतःच्या हाताने काढताना त्यांना विटाळ झाला नाही. आणि हे घरातही लागू आहे. पक्षी हौसेने आणणारा पुरुष आणि ट्रे काढणारी बायको किंवा सून, अशी वाटणी असेल तर ते जुनंच सोवळं झालं. ज्याने पक्षी आणला त्याच्याच हातात ट्रे असावा.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे. ज्याच्या घरी चार पैशांची ओढ आहे त्याला शौच आणि ऋण कशाला सांगायचं? पण इथे महाग असं काहीच मागितलेलं नाही. तुस स्वस्त आहे, टरफलं फुकट मिळतात, आणि ऊसपट्ट्यात पाचटाला तोटा नाही. ताजी विष्ठा थेट पिकाला घातली तर पीक करपतं, हे कोंबडखत वापरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तीच पाचटाच्या थरात घालून कुजवली की कांद्या-उसाला चालणारं खत होतं, कारण विष्ठेत नायट्रोजन जास्त आणि पाचटात कर्ब जास्त. घाण रानात परत गेली की तिचं घाणपण संपतं. कुणी असंही म्हणतात की पक्ष्याला वासाचं काय कळतं. कळतं. कोंबड्यांना ताजी हवा आणि अमोनियाची हवा यांत निवड दिली तेव्हा दाणे टिपायला, पिसं साफ करायला आणि विसावायला त्यांनी ताजी हवा अधिक पसंत केली. आणि समजा कळत नसतं, तरी श्वासनलिकेची इजा कळण्यावर थांबून राहत नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्यात हालचालीला न पुरणाऱ्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा मानला आहे. कायद्याने लांबी-रुंदी-उंची धरली. तितक्याच जागेत श्वास घेण्याजोगी हवा असावी, हे धर्माने धरायला हवं.

घरात बटेर असतील तर आज संध्याकाळी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसा, नाक पक्ष्याच्या उंचीवर आणा आणि पाच मिनिटं तिथेच श्वास घ्या. डोळे झोंबले तर उदबत्ती लावू नका, ट्रे काढा, ओलं तुस बदला, खिडकी उघडा आणि वाटीतून पाणी कुठे सांडतं ते पाहा. रोज स्वतःच्या हाताने तेवढं होत नसेल, तर पक्षी जास्त झाले आहेत. मग पुढची अंडी खाऊन टाका, उबवणीच्या यंत्रात घालू नका.